अपवादाची किंमत कोणी मोजायची?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८१ साली ‘झायडर्म’ नावाच्या एका पदार्थाला मान्यता दिली. गाईच्या कातड्यातून काढलेले कोलॅजेन हे प्रथिन शुद्ध करून ते सुईने चेहऱ्याच्या त्वचेत भरावयाचे, म्हणजे सुरकुत्या आणि खळगे भरून निघतात, असा त्याचा उपयोग होता. या मान्यतेबरोबर एक शिस्तही आली. चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी त्या पदार्थाचा अल्पसा अंश मनगट आणि कोपर यांमधील भागात टोचावयाचा आणि चार आठवडे वाट पाहावयाची. त्या जागी लाली, सूज, खाज किंवा गाठ दिसली, तर त्या व्यक्तीला हा पदार्थ सोसत नाही असे समजून प्रकरण तेथेच संपवावयाचे. शंभरातील सुमारे तिघांच्या हातावर अशी खूण उमटत असे. चाचणीत निर्दोष ठरलेल्यांपैकीही काहींना पुढे त्रास होई. म्हणून अनेक डॉक्टर दुसऱ्यांदा चाचणी घेत.

ही चार आठवड्यांची सवड आज या धंद्यातून जवळजवळ नाहीशी झाली आहे. ती का गेली, तिच्याबरोबर आणखी काय गेले आणि तिच्या जाण्याचा भार कोणाच्या अंगावर पडला, हे प्रश्न वरवर पाहता श्रीमंतांच्या नट्टापट्ट्याचे वाटतील. समाजवादी कार्यकर्त्याने त्यांत वेळ का दवडावा, असेही कोणी विचारील. परंतु नफ्याच्या हिशेबात न बसणाऱ्या माणसाचे बाजार काय करतो, हे पाहावयाचे असेल, तर याहून स्वच्छ उदाहरण सहसा सापडणार नाही.

प्रथम वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू गेल्यास, ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. मराठीत त्यासाठी ‘वावडे’ हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. कोणाला वांगे सोसत नाही, कोणाला शेंगदाणा, तर कोणाला एखादे औषध. बहुसंख्यांना निरुपद्रवी असलेला पदार्थ काहींच्या शरीराला शत्रू वाटतो आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्यावर तुटून पडते. हे दोन तऱ्हांनी घडते. काहींच्या बाबतीत काही मिनिटांतच अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन ताबडतोब मिळाले नाही तर प्राणावर बेतते. दुसऱ्या तऱ्हेत प्रतिक्रिया उशिरा येते. दिवस, आठवडे, क्वचित महिने लोटल्यावर भरलेल्या जागी कठीण गाठी येतात, त्या लाल होतात, दुखतात. फ्लूसारखा एखादा आजार किंवा दातावरील उपचार हेही निमित्त पुरते. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी, की वावडे हा त्या व्यक्तीचा दोष नव्हे आणि अपराध तर नव्हेच. शरीरांतील ती एक स्वाभाविक विविधता आहे. प्रश्न असतो तो ती विचारात घेण्याचा.

कोलॅजेनची जागा पुढे हायलुरॉनिक आम्लाने घेतली. हा पदार्थ १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातील द्रवातून प्रथम वेगळा केला. तो मानवी त्वचेतही असतो आणि सर्व प्राण्यांत त्याची रासायनिक रचना एकसारखीच असते. म्हणून शरीर त्याला सहसा परका मानीत नाही. स्वीडनमध्ये तयार झालेल्या ‘रेस्टिलेन’ला अमेरिकेत डिसेंबर २००३ मध्ये मान्यता मिळाली आणि त्वचेवरील पूर्वचाचणीची अट राहिली नाही. न्यायाने सांगावयाचे, तर त्या निर्णयामागे शास्त्रीय आधार होता. गाईच्या कोलॅजेनच्या तुलनेत वावड्याचे प्रमाण खरोखरच पुष्कळ कमी झाले. हे नाकारणे म्हणजे प्रतिपक्षाच्या अतिशयोक्तीला अतिशयोक्तीने उत्तर देणे होय.

तथापि प्रमाण कमी होणे आणि धोका संपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पिचकारीत असते ते केवळ शुद्ध हायलुरॉनिक आम्ल नव्हे. आज ते बहुधा जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार करतात. शुद्धीकरण कितीही काटेकोर असले, तरी जिवाणूंच्या प्रथिनांचे सूक्ष्म अवशेष राहू शकतात. ते शरीरात लवकर विरघळून जाऊ नये म्हणून त्याच्या साखळ्या एका रसायनाने परस्परांशी बांधलेल्या असतात. शिवाय टोचताना वेदना होऊ नये यासाठी अनेक प्रकारांत लिडोकेन मिसळलेले असते. दंतवैद्याकडे दाढ बधिर करण्यासाठी वापरतात तेच हे औषध. या प्रत्येकाचे वावडे असणारी माणसे जगात आहेत. म्हणूनच उत्पादकांच्या माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेले असते, की ज्यांना पूर्वी तीव्र ॲलर्जीचा झटका येऊन गेला आहे, ज्यांना अनेक पदार्थांची तीव्र ॲलर्जी आहे, किंवा ज्यांना लिडोकेन अथवा विशिष्ट जिवाणूंची प्रथिने सोसत नाहीत, त्यांच्यावर हा पदार्थ वापरू नये. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनही हाच इशारा देते.

म्हणजे उत्पादकाने आपले काम केले. त्याने इशारा छापला. न्यायालयात उद्या प्रश्न निघालाच, तर तो कागद दाखविता येईल. परंतु तो कागद वाचतो कोण? पूर्वी चार आठवड्यांची सवड होती, तेव्हा ती केवळ हातावरील खुणेसाठी नव्हती. त्या अवधीत डॉक्टर आणि ती व्यक्ती यांची दोनदा गाठ पडत असे. पूर्वी काय झाले होते, कोणते औषध सोसले नाही, घरात कोणाला दमा आहे काय, हे विचारण्यास आणि आठवण्यास वेळ मिळत असे. घेतलेला निर्णय बदलण्यासही वेळ मिळत असे. चाचणी गेली ती शास्त्राच्या आधाराने. परंतु तिच्याबरोबर विचारपूसही गेली, आणि तिच्या जाण्याला शास्त्राचा कोणताही आधार नव्हता. दुपारच्या जेवणाच्या सुटीत चेहरा उजळून कामावर परत जा, अशी या प्रक्रियेची जाहिरात होऊ लागली. ज्या मालाचा खप अर्ध्या तासात उरकतो, त्याची विक्री चार आठवड्यांची वाट पाहण्यापेक्षा किती पटींनी वाढते, हे सांगण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. या बाजाराचे आकारमान ध्यानात येण्यासाठी एवढे पुरे, की ‘बोटॉक्स’ आणि ‘जुव्हेडर्म’ ही प्रसिद्ध नावे ज्या ॲलर्गन कंपनीची, ती ॲबव्ही या कंपनीने २०२० साली सुमारे ६३ अब्ज डॉलर्सना विकत घेतली.

केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात या प्रश्नाचे मूळ दाखविले आहे. भाजी घेणारा गिऱ्हाईक भाजी हाताळून पाहू शकतो. वैद्यकीय सेवा घेणाऱ्याला ती सोय नसते, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते आणि माल परतही करता येत नाही. म्हणूनच समाजांनी या व्यवहाराभोवती परवाने, व्यावसायिक नीती आणि विश्वास यांची कुंपणे उभारली. सौंदर्याच्या धंद्याने केलेली चलाखी अशी, की वैद्यकाची सुई त्याने घेतली आणि ते कुंपण मात्र बाहेरच ठेवले. आत येणारी व्यक्ती रुग्ण नसून ग्राहक आहे, असे एकदा ठरले की तिला विचारावयाचे प्रश्नही बदलतात. रुग्णाला विचारतात, तुला काय सोसत नाही? ग्राहकाला विचारतात, तुला काय हवे आहे?

हे केवळ तर्काने सिद्ध करावे लागत नाही. इंग्लंडचे उदाहरण समोर आहे. स्तनरोपणाच्या सदोष फ्रेंच पिशव्यांचे प्रकरण गाजल्यानंतर तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेचे वैद्यकीय संचालक सर ब्रूस कीओ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेविना होणारी सौंदर्यप्रक्रिया करून घेणाऱ्या माणसाला, बॉलपेन किंवा दात घासण्याचा ब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा अधिक संरक्षण नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. चेहऱ्यात भरावयाचे हे पदार्थ केवळ वैद्यकीय चिठ्ठीवर मिळावेत, अशी समितीची शिफारस होती. ती अमलात आली नाही. २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलामुलींना सौंदर्यासाठी हे पदार्थ टोचण्यास कायद्याने बंदी झाली. २०२२ च्या आरोग्य कायद्याने परवाना पद्धत आणण्याचा अधिकार सरकारला दिला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकार पुन्हा जाहीर करीत होते, की यापुढे अशा व्यवसायांना स्थानिक संस्थांचा परवाना लागेल. धोक्याची घंटा वाजल्यापासून बारा वर्षे अशी गेली.

या बारा वर्षांत वावडे असलेल्या माणसाची स्थिती कशी होती, ते एका तपशिलावरून कळेल. हायलुरॉनिक आम्लाने घोटाळा केला, तर ते विरघळविण्यासाठी हायलुरोनिडेज नावाचे द्रव्य वापरतात. इंग्लंडमध्ये हे द्रव्य केवळ चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. परंतु भरावयाचा पदार्थ मात्र तसा नाही. म्हणजे वैद्यकाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या व्यक्तीला तो चेहऱ्यात भरण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, आणि तो काढून टाकण्याचे साधन मात्र तिच्या हाती असू शकत नव्हते. याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्या विषातही हायलुरोनिडेज असते. ज्यांना अशा दंशाने पूर्वी तीव्र त्रास झालेला आहे, त्यांना हा उताराच बाधण्याची शक्यता असते. म्हणून माशीच्या दंशाविषयीचा साधा प्रश्न आधी विचारणे अत्यावश्यक ठरते. ज्या दुकानात सुई धरणारी तरुणी स्वतःच काही दिवसांच्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर उभी आहे, भाड्याच्या खुर्चीवर पोट भरते आहे आणि दर अर्ध्या तासाला एक गिऱ्हाईक संपविल्याखेरीज जिचे भाडे निघत नाही, तिने हा प्रश्न विचारावा अशी अपेक्षा करणे सोपे आहे. परंतु तिला खलनायिका ठरविणे हा अन्याय होईल. या साखळीत तीही शेवटचीच कडी आहे. नफा वर जातो आणि जबाबदारी तिच्यापाशी येऊन थांबते.

नोंदीचा प्रश्न तर याहून बोलका आहे. २०२० साली कोविडवरील मॉडर्ना लसीची सुमारे तीस हजार स्वयंसेवकांवर चाचणी झाली. लस मिळालेल्यांपैकी ज्यांनी पूर्वी चेहऱ्यात असे पदार्थ भरून घेतले होते, अशा तिघांचे चेहरे वा ओठ लस घेतल्यावर सुजले. ते तिघेही बरे झाले. लसीने जागी झालेली संरक्षणव्यवस्था त्या भरलेल्या पदार्थावरही धावून गेली असावी, असा तज्ज्ञांचा तर्क होता. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी प्रशासनाने ही माहिती जाहीर केली आणि ती जगभर पोचली. लसीच्या विरोधकांनी तिचे भांडवल केले. पण खरा बोध निराळाच आहे. हजारो माणसांपैकी अवघ्या तिघांची सूज जगाला कळू शकली, कारण ती चाचणी सार्वजनिक नियमांखाली चालली होती, प्रत्येक स्वयंसेवकाच्या मागे एक नोंदवही होती आणि त्या नोंदवहीचा जाब विचारणारी संस्था होती. दुकानाच्या मागल्या खोलीत सुजणाऱ्या चेहऱ्यामागे अशी नोंदवही नसते. ती व्यक्ती लाजेने घरी बसते, किंवा सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाते. दुकानदाराच्या हिशेबात तिची नोंद ‘समाधानी ग्राहक’ अशीच राहते. मग ‘दुष्परिणाम फार थोडे’ असे म्हणणाऱ्यांनी ते मोजले कोठे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जे मोजलेच जात नाही ते थोडे असल्याचा दावा करणे सोपे असते.

कार्ल विल्यम काप यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाची मीमांसा केली. उद्योगाचा नफा हा बऱ्याच वेळा कार्यक्षमतेचा नसून, खर्चाचा काही भाग दुसऱ्याच्या दारात टाकल्याचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कारखान्याचा धूर शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांत जातो, तसाच हा व्यवहार आहे. पैसे दुकानात जमा होतात. बिघडलेला चेहरा दुरुस्त करण्याचे काम सार्वजनिक रुग्णालयाकडे येते, म्हणजे ज्यांनी कधी आरशाकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही अशा करदात्यांकडे येते. आणि ज्याचा चेहरा बिघडला, त्याच्या हाती त्यानेच सही केलेला संमतीचा कागद ठेवला जातो. ज्याला पर्याय समजावून सांगितला नाही, ज्याला विचार करण्यास वेळ दिला नाही, त्याच्या सहीला संमती म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. गिरणीच्या दारावर अंगठा उठविणाऱ्या कामगाराच्या ‘खुषीच्या’ कराराची कथा समाजवाद्यांना नवी नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. कोणी बळजबरी केली होती काय? हौसेला मोल असते. ते हौस करणाऱ्याने द्यावे. या आक्षेपात तथ्य असते, जर ही हौस खरोखर त्या माणसाच्या मनात आपोआप उगवली असती. गॅलब्रेथ यांनी १९५८ सालीच दाखवून दिले, की समृद्ध समाजात उत्पादन गरजा भागवीत नाही, ते आधी गरजा उत्पन्न करते. सुरकुती हा आजार नव्हता. तो आजार आहे असे आधी शिकविले गेले आणि मग त्यावरील उपाय विकावयास आला. डॉ. राममनोहर लोहिया यांनी सौंदर्य आणि कातडीचा रंग या विषयावर स्वतंत्र निबंध लिहून, सौंदर्याची कल्पना राज्य करणाऱ्यांच्या मागोमाग चालते, हे निदर्शनास आणले होते. गोऱ्यांनी जगावर राज्य केले, म्हणून गोरेपण सुंदर ठरले. आज राज्य बाजाराचे आहे. म्हणून जे विकत घ्यावे लागते ते सुंदर ठरते. नोकरीच्या मुलाखतीला, लग्नाच्या बाजारात आणि मोबाइलच्या पडद्यावर ज्या मुलीला आपला चेहरा रोज तराजूत टाकावा लागतो, तिची निवड ‘स्वतंत्र’ आहे असे म्हणण्यापूर्वी त्या तराजूचा मालक कोण, हे पाहावे लागेल. आणि निवड पूर्णपणे तिचीच आहे असे क्षणभर मानले, तरीही तिला दमा आहे किंवा एखादे औषध बाधते एवढ्यावरून ती जिवाला मुकावी, असा दंड कोणत्याही न्यायसंहितेत बसत नाही.

भारतात हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. चेहऱ्यात भरावयाचे हे पदार्थ येथे वैद्यकीय उपकरणांच्या वर्गात मोडतात. वैद्यकीय उपकरणांविषयीचे २०१७ चे नियम जानेवारी २०१८ पासून अमलात आले आणि एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. अशा उपकरणांचे दुष्परिणाम नोंदविण्यासाठी जुलै २०१५ मध्ये एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवितो. कागदावर एवढी यंत्रणा उभी आहे, हे नमूद करणे उचित होय. परंतु उपचार करणाऱ्या डॉक्टराने दुष्परिणाम कळविणे हे मुख्यतः त्याच्या इच्छेवर सोपविलेले आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ब्यूटी पार्लर आणि दवाखाना यांमधील भिंत पातळ होत चालली आहे आणि ही हवा तालुक्याच्या गावांपर्यंत पोचण्यास विलंब लागणार नाही. दरवाजावर पाटी दवाखान्याची आणि आतील व्यवहार दुकानाचा, असा हा संकर आहे. इंग्लंडने बारा वर्षे गमावली. ती चूक पुन्हा करण्याचे काही कारण नाही.

मागण्या अवघड नाहीत आणि खर्चाच्याही नाहीत. सुई धरणारी व्यक्ती नोंदणीकृत आणि प्रशिक्षित डॉक्टर असली पाहिजे, आणि त्याच खोलीत ॲड्रेनलिन तयार असले पाहिजे. वावड्याची लेखी विचारपूस प्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तर काही दिवस आधी व्हावी, आणि मधल्या काळात घेतलेले पैसे परत मागण्याचा हक्क असावा. चार आठवड्यांच्या जुन्या सवडीतील जे शहाणपण होते, ते निदान एवढ्या रूपाने तरी परत यावे. कोणता पदार्थ भरला, त्याचा बॅच क्रमांक काय आणि त्यात लिडोकेन आहे काय, हे लिहिलेले कार्ड त्या व्यक्तीच्या हाती मराठीत मिळावे. कारण सहा महिन्यांनी गाठ आली, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखविण्यास तिच्यापाशी दुसरे काहीच नसते. दुष्परिणाम कळविणे ही मेहेरबानी न राहता सक्ती व्हावी. आणि या पदार्थांच्या विक्रीवर छोटासा अधिभार बसवून त्यातून सार्वजनिक रुग्णालयांतील अशा रुग्णांचा खर्च भागवावा. ज्याने नफा घेतला त्याने खर्चही उचलावा, एवढाच त्याचा अर्थ.

कार्यकर्त्यांना कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. महिला मंडळांत, महाविद्यालयांत आणि युवक शिबिरांत हा विषय मांडता येईल. उपदेशाने नव्हे, कारण चेहऱ्याची चिंता करणाऱ्या मुलीला हसणे हाही तिच्यावर झालेल्या अन्यायाचाच एक भाग आहे. तिला एवढेच सांगावे, की तुला काय सोसत नाही हे तू आधी सांग, पावती आणि कार्ड मागून घे, आणि जो घाई करतो त्याच्याकडून उठून ये. पार्लरमध्ये राबणाऱ्या स्त्रियांची संघटना जेथे असेल, तेथे हा प्रश्न त्यांच्याही सुरक्षिततेचा म्हणून मांडला गेला पाहिजे.

बाजार सरासरीने विचार करतो. शंभरातील सत्त्याण्णव जण सुखरूप राहिले, तर त्याचा हिशेब जमतो. नव्याण्णव राहिले, तर तो उत्सव करतो. समाजवाद उरलेल्या एकाचे नाव विचारतो. १९८१ साली हातावर उमटणाऱ्या त्या लाल खुणेसाठी चार आठवडे वाट पाहिली जात होती, तेव्हा नकळत का होईना, त्या एकाला मान दिला जात होता. तो मान परत मिळविणे हे नट्टापट्ट्याचे काम नव्हे.